मागून येणारा टेम्पो

“टेम्पोत मासळी चढते. मी नाय!” असं म्हणून काकी एक हात असा काही उडवायची की समोरच्याने दोन पावलं मागेच सरावं. भर पावसात कुणी टेम्पोतून घरी सोडतो म्हणालं, तरी हेच उत्तर. बंदरापासून आमच्या आळीपर्यंतचा चढ ती मासळीची पाटी सायकलच्या कॅरिअरला बांधून चढायची, आणि तोही सीटवर बसून. त्याच चढावर तुमच्याआमच्या स्कूटरीसुद्धा कशा कण्हतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

“काकी, निदान चढाला तरी उतरून चाला की,” मी एकदा म्हटलं.

“सासरा समोर आला तर उतरेन, मास्तर. चढ काय माझा सासरा हाय?”

मी मास्तर नाही, कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. पण काकीने एकदा ठरवलं की ठरवलं. मी मरेपर्यंत मास्तरच.

एका वर्षी रत्नागिरीत डोंगरी सायकलींची शर्यत जाहीर झाली. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, कातळातून खाडीकडे उतरायचं, पलीकडची घाटी चढायची, जयगडच्या बाजूने वळसा घ्यायचा आणि दिवस मावळायच्या आत मैदानावर परत यायचं. काकीच्या मुलाने मुंबईहून हौसेने आणलेली गिअरची सायकल तिच्याकडे माळ्यावर धूळ खात पडली होती. काकीने ती खाली काढली आणि नाव देऊन आली. मुलगा फोनवर म्हणाला, “आई, लोक हसतील.”

“हसूंदेत. त्यांना दात हायत, मला पाय हायत,” काकी म्हणाली आणि फोन ठेवला.

शर्यतीत जो मागे पडेल त्याला उचलून आणायला सगळ्यांच्या शेवटी एक टेम्पो असणार होता. तो ठरवला बंदरावरचाच, रोज बांगडे वाहणारा. आळीला तेवढं पुरलं. काकी संध्याकाळी बांगड्यांच्या वासात बसून येणार, हे आळीने ठरवूनच टाकलं. काकीच्या कानावर ते गेलंच. मग नंबर, पदक वगैरे राहिलं बाजूला. टेम्पोत बसायचं नाही, एवढीच तिची शर्यत झाली.

शर्यतीच्या सकाळी हेल्मेट अंबाड्यावर बसेना. संयोजकांपैकी एक चुणचुणीत तरुण म्हणाला, “मॅडम, केस मोकळे सोडा.” काकीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसरीकडे कुणाचा तरी टायर तपासायला गेला. शेवटी अंबाडा मानेवर उतरला आणि हेल्मेट डोक्यावर चढलं. खाली मुलाचा जुना टी-शर्ट आणि सलवार. मला मात्र सड्यावरच्या नाक्यावर केळी आणि कोकम सरबत वाटायला बसवलं होतं. बसण्याचं काम असलं की माझं नाव लोकांना पटकन आठवतं.

वाट कळावी म्हणून संयोजकांनी आदल्या संध्याकाळी झुडपांना लाल फिती बांधल्या होत्या. नेमकी अमावास्या! सड्यावरच्या वाडीतली माणसं पहाटे बघतात तो तिठ्यावर लाल फिती. कुणीतरी करणी केली, दुसरं काय असणार? त्यांनी त्या काठीने ओढून काढल्या, जाळल्या, नारळ फोडून देवाला गाऱ्हाणं घातलं आणि निश्चिंत मनाने कामाला लागली.

मग काय विचारता! कोण कुठून येतंय, कोण कुठे जातंय, काही पत्ताच नाही. पाचसहा जण चुकून आडवाटेने थेट माझ्या नाक्यावर उतरले. त्यांचा अर्धा सडा वाचला, पण एकानेही तसं म्हटलं नाही, केळी खाऊन पुढे गेले. काकीही चुकून भलत्याच वाडीत पोचली होती. मात्र ती चुकलेल्या तिठ्यापर्यंत परत गेली आणि तिथून सगळा सडा पार करून आली. तोवर माझी केळी संपली होती.

“अहो, त्या वाडीतून सरळ इकडे उतरता आलं असतं,” मी म्हणालो.

“आणि आळीत काय सांगू? सडा चोरला म्हणून?”

ती सरबत पिऊन निघाली. नाका बंद करून मी सरबताच्या पिंपांसकट मागून आलेल्या टेम्पोत बसलो आणि आम्ही तिच्या मागे लागलो. उरलेला सगळा दिवस मी काकीची पाठ पाहिली. घाटीत ती इतकी हळू चढत होती की टेम्पो पहिल्या गिअरमध्ये आचके देत होता. एकदा ती दगडांवरून घसरून पडली. कोपर सोललं. टेम्पोवाला काकुळतीला आला, “काकी, बसा आता. मला पन घरी जायचाय.”

काकीने उठून सायकल उभी केली, मग माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, तुम्ही बसलात होय मासळीत?”

मला भयंकर राग आला. आणि खरं सांगतो, तिचा हेवाही वाटला.

मैदानावर पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. शेवटच्या रेषेवरच्या कापडी कमानीचा एक बांबू काढून झाला होता आणि कापड खाली लोंबत होतं. आळीतली मंडळी मात्र थांबलेली होती, तिला टेम्पोतून उतरताना बघायला. तो चुणचुणीत तरुण म्हणाला, “मॅडम, वेळ संपली. पदक नाही देता येणार.”

“पदक ठेव तुला. कमान वर कर. मी वाकून जायची नाय.”

आणि तिने मैदानात गोल फेऱ्या मारायला सुरुवात केली. एक झाली, दोन झाल्या, ती काही पाय टेकेना. शेवटी आळीतलेच चौघे पुढे झाले, बांबू हातांनी उचलून धरला आणि काकी ताठ मानेने खालून गेली. मी टाळ्या वाजवल्या, टेम्पोत बसूनच.

गेल्या वर्षी काकीला ताप आला, तो छातीत उतरला आणि ती गेली. मुलगा मुंबईहून आला. स्मशान चढापलीकडे. त्याने बिचाऱ्याने सोयीचं म्हणून टेम्पो सांगितला. आला तो नेमका तोच. टेम्पोवाल्याने दारात तिरडी पाहिली आणि तो मागचा फाळका उघडेचना.

“काकी नाय बसायची,” तो म्हणाला.

चौघांनी खांदा दिला. मीही दिला. चढाच्या मध्यावर, नेहमीच्या विसाव्यापाशी कुणीतरी म्हणालं, “जरा खाली ठेवूया.”

“वर गेल्यावर ठेवू,” मी धापा टाकत म्हणालो. “चढावर ती उतरायची नाही.”

खांदे बदलत आम्ही चढत राहिलो. मागून टेम्पो येत होता, पहिल्या गिअरमध्ये, रिकामा.