परसातला जपानी किल्ला

घर विकायला काढलं तेव्हा एजंटबाई परसात फिरून आल्या आणि म्हणाल्या, गॅरेजमागचा तो दगडांचा ढीग हलवा, गिऱ्हाइकांना बरा दिसत नाही. मी आयुष्यभर घासाघीस करून पोट भरलं आहे. छपराची दुरुस्ती, गालिचे, फ्रिज, सगळ्यावर बोलायला मी तयार होतो. दगडांवर नाही. "तो ढीग नाही, किल्ला आहे," मी म्हटलं. बाईंना किल्ला दिसला नाही. त्यात त्यांची चूक नाही, वरचा भाग आता तिथे नाहीच.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेतल्या मोटारींच्या मुलखात, नोव्हायला, हे घर घेतलं. माझ्याकडे डिग्री नव्हती. हातात टर्नरचं काम आणि तोंडात जीभ, एवढ्यावर मी छोटं मशीन शॉप उभं केलं. इथल्या मराठी मंडळातले बाकी सगळे डॉक्टर नाहीतर मोटार कंपन्यांमधले इंजिनिअर. ते मला 'शेठ' म्हणायचे. त्यात मान किती आणि टोमणा किती, हे मला कळत होतं.

जवळच सुटे भाग बनवणारी एक जपानी कंपनी आली. तिथल्या इंजिनिअरशी मी दरावरून महिनोन्‌महिने भांडलो आणि काम मिळवलं. पुढे तोच आमच्या समोरच्या घरात राहायला आला. त्याची आई वारल्यावर त्याने वडिलांना जपानहून आणलं. छोट्या गावात तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचं दुकान चालवलेला माणूस. युद्धानंतर तिकडे अमेरिकन फौज होती, तेव्हा चार शब्द इंग्रजी शिकलेला. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायला लागली, आणि तेही 'आजोबा' म्हटलं की ओ द्यायला लागले.

मंडळाच्या दिवाळीत मुलांची किल्ल्यांची स्पर्धा असायची. त्या वर्षी मी मुलीबरोबर परसात विटा रचून, वर ओलं गोणपाट टाकून चिखल थापत होतो. आजोबा रस्ता ओलांडून आले आणि हात मागे बांधून बघत राहिले.

"इट्स अ कॅसल, आजोबा," मुलगी म्हणाली. "वी मेक इट एव्हरी दिवाली."

"अँड आफ्टर?"

"देन बाबा ब्रेक्स इट."

म्हातारा हसला. "माय टाउन," तो म्हणाला, "सेम."

त्यांच्या गावच्या किल्ल्याची हकिकत मला रविवारी त्यांच्या इंजिनिअर मुलाच्या तोंडून तुकड्यातुकड्याने कळली. नदीकाठच्या बुटक्या टेकडीवर एका लहानशा सरदाराचा किल्ला. इतका लहान की तिथे लढाईसुद्धा कुणी केली नाही. "मग बांधला कशाला?" मी चिडवलं. म्हाताऱ्याने विचार करून मुलाकरवी उत्तर पाठवलं, "तांदूळ कोरडा राहायचा." पुढे सरदारांचं राज्य गेलं, नव्या सरकारने जुने किल्ले मोडायचा हुकूम काढला आणि वरच्या मनोऱ्याचा लिलाव झाला.

"कुणी घेतला?" मी लगेच विचारलं. माझं डोकं तिकडेच जातं.

घेतला गावातल्या सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकाने. सरपणाच्या भावात. कित्येक पिढ्यांनी उन्हातान्हात पाहिलेल्या त्या मनोऱ्याच्या तुळया त्याने बंबाखाली घातल्या आणि सगळं गाव त्या पाण्यात अंघोळ करून घरी गेलं. आजोबांचे आजोबा तेव्हा लहान होते. त्या पाण्याला देवदाराचा वास होता, असं ते मरेपर्यंत सांगायचे. मागे उरला दगडी चौथरा, एक विहीर आणि अर्धा बुजवलेला खंदक, ज्याच्यावर शाळेचं मैदान झालं. आमचे आजोबा त्या चौथऱ्यावर खेळले. मनोरा त्यांनी कधी पाहिला नाही. चित्रसुद्धा नाही. फक्त ऐकलं होतं: एकावर एक तीन छपरं, पांढऱ्या भिंती, आणि अगदी वरच्या आढ्यावर दोन मासे.

मला संताप आला. असला सौदा कोण करतं? म्हातारा नुसता मान हलवत होता. मग त्याने माझ्या चिखलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "आय मेक? वन्स. विथ लॅम्प. पीपल लुक."

माझा चिखलाचा ढीग आम्ही त्याच दिवशी मोडला. आसपास नवी घरं उठत होती, तिथल्या खणलेल्या मातीतून दगड आणले. आजोबांनी चुना-सिमेंट काही वापरू दिलं नाही. लोखंडी पत्र्यावर दगडात दगड बसवत गेले. भिंत खाली ऐसपैस आणि वर जाताना उभी. दरवाजा दोनदा वळून आत गेला तेव्हा मी टाळीच दिली. "अहो, ही तर आपली गोमुखी!" हत्तीला धावून धडक देता येऊ नये म्हणून आपल्याही गडांचे दरवाजे असेच दोन बुरजांच्या आड वळवलेले असतात. मनोरा मी शॉपमध्ये केला, जपानहून यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्यांचा. आजोबांनी फळी नाकाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. मुलीने भिंतींना पांढरा कागद चिकटवला, हिरवळीसाठी घराच्या खिडकीत ताटलीत मोहरी रुजवली. बायकोने शंकरपाळ्यांच्या कणकेचे दोन मासे कडक तळून दिले. सोन्यासारखे दिसत होते.

शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता. ट्रकमधून किल्ला उतरवून मी पॅलेट जॅकवर, म्हणजे जड माल उचलायच्या हातगाडीवर, आत आणला. आजोबा काळा सूट घालून त्याच्या बाजूला उभे राहिले. पणत्या लावायच्या बाकी होत्या, तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष आले. ते एका मोटार कंपनीत होते. त्यांच्या खात्यातले कितीतरी लोक त्या वर्षी नोकरी जाऊन घरी बसले होते.

"काय शेठ, हा कुठला गड?"

मी सांगितलं.

"जपानचा? दिवाळीत? अहो, आमच्या प्लांटचं दिवाळं ज्यांनी काढलं त्यांचा किल्ला मुलांना दाखवू?"

"हा किल्ला त्यांनीसुद्धा मोडून खाल्लाय, साहेब. बघा तरी."

सेक्रेटरी डॉक्टरबाई मध्ये पडल्या. "भाऊ, कशाला वाढवता? वर भगवा लावा, दारात मावळे उभे करा, महाराजांना बसवा, एखाद्या गडाचं नाव द्या. झालं. मुलं खूश."

मुलीच्या हातात महाराजांची मूर्ती होतीच. आजोबांना भाषा कळली नाही, पण मूर्ती कळली. "ओके," ते म्हणाले, "पुट, पुट. नो प्रॉब्लेम."

"नाही," मी म्हणालो. "महाराजांना दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून मी बसवणार नाही. आणि ह्याला त्याचं नाव आहे."

"खाता ज्यांचं, गाता त्यांचं," अध्यक्ष हसून म्हणाले. आजूबाजूचे चारजण हसले.

पुढे मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी जॅक फिरवला आणि दाराकडे निघालो. उंबऱ्याच्या लोखंडी पट्टीवर चाक आदळलं. दगड जागचे हलले नाहीत. मनोरा बाहेर फरशीवर पडला आणि तिन्ही छपरं सुटी झाली.

आजोबांनी वाकून तुकडे गोळा केले, मोठे काखेत घेतले, लहान कोटाच्या खिशांत ठेवले. एकच मासा सापडला. मग ते मोकळ्या चौथऱ्यासमोर उभे राहिले. "नाऊ करेक्ट," ते म्हणाले. "धिस वन, आय नो."

आत आरती सुरू झाली होती.

घरी येताना बायको म्हणाली, "एक मूर्ती ठेवली असती तर काय बिघडलं असतं? तासाभराचा तर प्रश्न होता."

"मी कुणाचं नाव पुसून धंदा करत नाही," मी म्हटलं. आजही तेच म्हणेन. मंडळाचं आमंत्रण दर दिवाळीला येतं. मी जात नाही.

आजोबा नाताळच्या आधी जपानला परतले. बर्फ वितळायच्या सुमारास त्यांचा मुलगा शॉपमध्ये आला. नव्या कामाचा दर ठरवायचा होता आणि मी भांडायच्या तयारीने बसलो होतो. वडील गेल्याचं त्याने सांगितलं आणि मग, खाली बघत, आपला दर सांगितला. मी हो म्हटलं. त्याच्याशी विनाघासाघीस झालेला तेवढा एकच सौदा.

तुकडे त्याच्याच घरी राहिले होते. पुढच्या दिवाळीला ते मागून मी मनोरा पुन्हा जोडला. बायकोने मासे तळले. परसातल्या चौथऱ्यावर तो चढवून आम्ही पणत्या लावल्या. वारा होता, एक लावावी तर दुसरी विझे. बघायला आम्ही आणि समोरचे नवरा-बायको, एवढेच.  मग आजोबांच्या मुलाने मनोरा मागितला. वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी गावी जाणार होता, तिथल्या चौथऱ्यावर एक संध्याकाळ ठेवीन म्हणाला.

परत आल्यावर तो मोकळ्या हातांनी भेटायला आला. मी विचारलं, "ठेवला?"

"ठेवला. दिवा पण लावला."

"लोकांनी पाहिला?"

"हो," तो म्हणाला. "बरेच आले होते."

इतकी वर्षं त्याच्याशी भाव करून, तो आकडा फुगवतोय की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. त्या दिवशी मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.