तीन दिवस लावून बघा

अक्काचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवत होतो. दुपारचे तीन वाजले असतील. अक्का माझी थोरली बहीण, ती दुपारी कधी फोन करत नाही. "दाजी उठंनात रे..." एवढंच म्हणाली. त्यांची साप्ताहिक सुट्टी होती, जेवून चटईवर आडवे झाले होते, चहाला हाक मारली तर उठलेच नाहीत. हाताला डिंक तसाच होता, मी गाडी काढली. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. माफी मागायची राहिली, असा तो विचार होता. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, की आता मागावी लागणार नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण आज सगळं लिहायचंच ठरवून बसलोय, तर हेही लिहितो.

दाजी म्हणजे अक्काचे यजमान, मल्लिनाथ. आमचं गाव दुधनीच्या पलीकडे, अर्धं कानडी. दहावी झाल्यावर मला सोलापुरात शिकायला आणलं ते दाजींनीच. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते सुताच्या ब्लिचिंगला होते. कच्चं, पिवळट सूत औषधाच्या पाण्यात बुडवून पांढरंशुभ्र करायचं आणि मग रंगाला पुढे पाठवायचं, हे काम त्यांनी पस्तीसएक वर्षं केलं. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत मी पाच वर्षं राहिलो. अकरावीला प्रॅक्टिकलसाठी पांढरा कोट लागायचा. कुणाचा तरी जुना, डागाळलेला कोट मिळाला होता. तो दाजी एक दिवस कारखान्यात घेऊन गेले आणि संध्याकाळी घडी घालून माझ्यापुढे ठेवला. "बघ, डॉक्टर दिसतोस का न्हाय?" वर्गात माझ्याएवढा पांढरा कोट कुणाचाच नव्हता. त्या कोटाला आठवडाभर क्लोरिनचा उग्र वास येत होता. तो वास त्या वयात मला अभिमानाचा वाटायचा. पुढे मी रसायनशास्त्राचा शिक्षक झालो, विजापूर रोडला फ्लॅट घेतला, आणि तोच वास मला नकोसा कधी झाला ते कळलंच नाही.

मागच्या दिवाळीनंतर माझ्या मुलीला, मुक्ताला, पुण्याचे लोक बघायला आले. अक्का सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात राबत होती. दाजी ड्यूटी संपवून थेट आले, घरी न जाता, कारण पाहुणे यायची वेळ झाली होती. सोफ्यावर मुलाच्या वडिलांच्या शेजारी बसले. मुलाच्या आईनं रुमाल नाकाशी नेला, बहुतेक नुसता तोंड पुसायला... पण मला तेवढं पुरलं. पाहुणे होकार देऊन गेल्यावर दाजींना जिन्यात गाठून मी हसत हसत म्हणालो, "दाजी, साखरपुड्याला येताना जरा सेंट-बिंट मारून या." दाजी थांबले. शर्टाची बाही नाकाशी नेली, सोडली. "येत हुता व्हय वास?" "तसं नाही हो, पण मोठी माणसं आहेत." "मारतो की. त्यात काय एवढं," म्हणाले आणि खाली उतरले.

दोनच दिवसांनी ते हातात करंगळीएवढी काचेची कुपी घेऊन आले. नव्या पेठेत एका अत्तरवाल्या चाचांकडे गेले होते. आत हिरवट पाणी. दाजींना नकला छान जमायच्या. मान वाकडी करून चाचांचा आवाज काढून सांगू लागले, "'भाई, अब्बी बाटली नक्को लेव. तीन दिन लगाके देखो. धूप में देखो, पसीने में देखो, बंद खोली में देखो. फिर आव.' पैसे देतो म्हटलं तर घेईना की गडी! म्हणला, आपलं नाक आपल्याला फशिवतं, दुसऱ्याच्या नाकाला इचारायचं. म्हून तुझ्याकडं आलो." त्या दुकानाची रीतच तशी होती. नमुना न लावता कुणाला पूर्ण बाटली द्यायचीच नाही. दाजींनी मनगट पुढे केलं. मी वास घेतला. खरोखर छान होता. गोडसर, उग्र काही नाही, एकदम ताजा. "चांगलाय," म्हणालो. "कसा हाय पण? सांग की." "हिरवा आहे." "हिरवा म्हंजी? कडुलिंबावानी का कोथमिरीवानी?" मी काहीतरी सांगितलं. डहाळ्याचा ओला हरभरा सोलल्यावर बोटांना राहतो तसा, असं काहीसं. ते इतके खूश झाले की पायात चप्पल उलटी घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सायकल मारत आले, घामानं निथळत. "आता बघ. घामात कसा येतोय?" मी उत्तरपत्रिका तपासत होतो, मान वर न करताच हं म्हणालो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हजर. दार लाव म्हणाले, बंद खोलीत बघायचं राहिलं होतं. मी मंगल कार्यालयवाल्याशी फोनवर जेवणाच्या ताटांवरून वाद घालत होतो. दाजी मनगट पुढे करून उभे, मी फोनवर, ते उभेच. फोन ठेवल्यावर म्हणाले, "येतोय का अजून, का गेला? सकाळी लावलाय." माझा तोल गेला. "अहो दाजी, एवढ्याशा गोष्टीसाठी तीन दिवस झाले हेलपाटे घालताय! तुम्हाला स्वतःला नाक नाही का?" दाजींनी मनगट मागे घेतलं. मग नाकाला बोट लावून म्हणाले, "हाय की. दिसंना व्हय तुला?" आणि हसले. मीही हसलो. "घ्या बाटली, छान आहे," म्हणून मोकळा झालो. त्या तिसऱ्या दिवशी मी वास घेतलाच नव्हता.

साखरपुड्याच्या सकाळी अक्का पहाटेच आमच्याकडे आली होती. आठच्या सुमारास माझ्या फोनवर दाजी. "मास्तर, सेंटची बाटली किती दाबू? चाचा म्हणला दोनदाच दाबायचं." माझ्या डोळ्यासमोर मुलाच्या आईचा तो रुमाल होता. "मारा हो भरपूर," मी म्हणालो, "कमी पडायला नको." "भरपूर म्हंजी?" "भरपूर म्हणजे भरपूर!" आणि मी फोन ठेवला.

दाजींनी माझं ऐकलं. पांढरा शर्ट, नवी विजार, डोक्याला तेल, आणि हॉलच्या दारातून आत आले ते वासाचा लोंढा घेऊनच. मुलाची आत्या शिंकू लागली. मागच्या रांगेतली पोरं कुजबुजून हसत होती. "कुणी बाटली फोडली का काय!" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. दाजींना वाटलं थट्टा दुसऱ्याच कुणाची चाललीय, तेही हसले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "दाजी, जरा जेवणाकडं बघता का? आचारी ऐकेनात." ते लगेच उठले. आमच्याकडे साखरपुड्यात मानाच्या माणसांना नाव पुकारून टोपी-टॉवेल देतात, गंध लावतात. माईकवरून पुकारा झाला, "मुलीच्या आत्याचे यजमान!" मी माईकवाल्याला खुणेनं सांगितलं, पुढचं घ्या. ज्या माणसानं मला शिकायला घरात ठेवलं, तो त्या वेळी हॉलच्या मागे पाण्याची पिंपं सरकवत होता, आणि पुकारा त्यानं ऐकला होता. नंतर आचाऱ्यानं मला सांगितलं की दाजींनी हात पुसून शर्ट नीट केला होता, दोन पावलं पुढेही आले होते.

टोपी-टॉवेल मी दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून त्यांच्या घरी नेला. दाजींनी टॉवेल दोन बोटांत चोळून बघितला. "रंग पक्का हाय. जाणार न्हाय," म्हणाले. चहा झाला. मी गॅसच्या नोंदणीबद्दल बोललो, थंडीबद्दल बोललो आणि आलो. फेब्रुवारीत पुण्याला लग्न झालं, त्याला दाजी आले नाहीत. कारखान्यात सुट्टी मिळंना म्हणाले. मला वाईट वाटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तेरावा झाल्यावर तीन-चार दिवसांनी कॉलेज सुटल्यावर मी अक्काकडे गेलो. चप्पल काढून दारात उभा राहिलो. अक्का आतून आली, माझ्या खांद्याशी तोंड आणून तिनं वास घेतला, मग कॉलरपाशी, आणि म्हणाली, "न्हाय येत. ये आत." मग तिचं तिलाच कळलं. चौकट धरून ती खाली बसली. "सवय लागलीय रे," म्हणाली. "रोज कामावरनं आले की अंघोळ करून इथंच उभं ऱ्हायचे. मी वास घेऊन सांगिटलं की मगच भाईर जायचे, कुणाकडं जायचं असलं तर." मी विचारलं, का? अक्का माझ्याकडे बघत राहिली. "तुला म्हाईत न्हाय? त्यांचं नाक गेलं हुतं. आठ-नऊ वर्सं झाली. त्या औषधाच्या वाफंनं. एकदा गॅस चालू ऱ्हायला नि शेजारी बसून पेपर वाचत हुते... मी आले म्हून बरं. कुणाला सांगू नको म्हणायचे, कामावरनं काढतील."

मी रसायनशास्त्र शिकवतो. कुठल्याही बाटलीला थेट नाक लावू नका, हातानं वारा घालून वास ओढून घ्या, असं वर्षाला शेकडो मुलांना सांगतो. क्लोरिननं नाकाचं काय होतं ते मला पुस्तकात बघावं लागत नाही. आणि माझ्या घरातल्या माणसानं तीन दिवस माझ्यापुढे मनगट धरलं तरी...

"त्या पाहुण्यांच्या दिवशी मी तुझ्याकडं हुते," अक्का सांगत होती, "म्हून वास घेतला न्हाय कुणी, तसंच आले. मग सेंट आणलं तवा मी म्हटलं, मी सांगते की कसा हाय. तर म्हणले, तुझं काय, तुला माझा कसलाबी वास चालतो. ज्याला त्रास झाला त्यालाच इचारायला पायजे." तिनं आरशाकडे बोट केलं. आरशाखालच्या फळीवर दाजींच्या कंगव्याशेजारी ती बाटली होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. "साखरपुड्याला लई मारलं त्यांनी. कळतच नव्हतं की किती झालं ते. मी घरी असते तर अडिवलं असतं. तुझी मान खाली गेली माझ्यामुळं... माफ कर बाबा."

'भरपूर मारा' हे कुणी सांगितलं होतं ते तिला माहीत नव्हतं. दाजींनी तिला सांगितलं नव्हतं, सहा महिन्यांत एकदाही नाही. आणि मीही सांगितलं नाही. तिनं माझी माफी मागितली आणि मी ती घेतली, चहा प्यायलो, उठून आलो.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी सहाला तिच्याकडे जातो. रोज दारात उभा राहतो, ती रोज खांद्याशी येऊन वास घेते, आणि म्हणते, न्हाय येत, ये आत. ही सवय मी तिला मोडू देत नाही, की तीच मोडत नाही, कोण जाणे. रोज वाटतं आज सांगू. आत गेल्यावर जीभ उचलत नाही.

अक्का रविवारची पुरवणी वाचते. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून, हळूहळू, पण शेवटपर्यंत वाचते. म्हणून इथे लिहितो. अक्का, त्या सकाळी दाजींनी मला फोन करून विचारलं होतं. दोनदाच दाबायचं हे त्यांना ठाऊक होतं. जास्त मारा असं मी सांगितलं. पुकारा झाला तेव्हा पुढचं घ्या असंही मीच सांगितलं. यात तुझी काहीच चूक नाही, त्यांचीही नाही. आज सहाला मी नेहमीसारखा येईन. चप्पल काढून उंबऱ्याबाहेर उभा राहीन. तू 'ये आत' म्हणेपर्यंत आत येणार नाही, आणि नाही म्हणालीस तर उद्या पुन्हा येईन.