आज मी तांबूला मारलं

मंडळी, आमचं घर वाचलं. कृपया फोन करू नका, धुराने घसा पार बसलाय. लिहूनच सांगते.

दुपारी सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळमाळावरचं, वाळलं गवत पेटलं आणि वाऱ्याने तो वणवा थेट आमच्या आंब्याच्या कलमांत घुसवला. मोहोरलेली झाडं तडतडत पेटत होती. यांना औषधं आणि कागदपत्रं देऊन रिक्षात बसवलं, गॅसचा सिलिंडर ओढत विहिरीपाशी नेला आणि गोठ्यात जाऊन तांबूचं, आमच्या गाईचं, दावं कापलं.

ती बाहेर आली, धूर बघितला आणि उलट फिरून गोठ्यातच शिरली. घाबरल्यावर तिला तीच जागा माहीत. शेजारच्या पेंढ्याच्या उडवीवर ठिणग्या पडत होत्या.

मी तिला गोंजारलं, ओढलं, रडले. कुंपणापलीकडून शेजारचा बाबू ओरडला, "काकी, लाड कसले करताय? हाणा तिला! नायतर दोघी जळाल!"

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर छडी उगारायच्या, तेव्हाच मी ठरवलं होतं की आपण कुणावर हात उचलायचा नाही. आज दांडका घेऊन तिच्या पाठीवर, पायांवर, तोंडावरसुद्धा हाणत सुटले. ती हंबरत बाहेर धावली. मागे उडवी भडकली आणि गोठ्याचं जळतं छप्पर खाली आलं.

आता ती रस्त्यापलीकडे उभी आहे. पाठीवर वळ उठलेत. मी पाण्याची बादली घेऊन गेले, तर ती मागे सरकली.

गुरं पाळणाऱ्यांनो, खरं सांगा, ती पुन्हा माझ्या हातचं पाणी पिईल ना?