माहेरची निवळी

तुमच्या आजोबांचं महिनोन् महिन्यांचं संशोधन मी एका दुपारी पाण्यात घातलं, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. शहाणी ना मी!

सुरुवात झाली ती लग्नानंतर माहेराहून, उमरठहून निघताना. बैलगाडी जुंपलेली, रडून माझं नाक लाल झालेलं, आणि आईने ओच्यात निवळीच्या बियांची पुरचुंडी कोंबली. "शेरातलं पानी कसं असल कोन जानं गो. गढूळ असलं तर हीच उगाळून घाल, गाळ तळाला बसल. तसंच पिऊ नको."

महाडहून लाँच, पुढे आगबोट. मुंबईत बिऱ्हाडात शिरते तर भिंतीतच नळ! पाणी कसं, काचेसारखं. त्या नळाचा मला रागच आला. आईने दिलेलं एवढंसं, तेही इथे बिनकामाचं.

हे, म्हणजे तुमचे आजोबा, महाडचे; कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायचे. मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत कसे राहतात आणि कशाने खाली बसतात, हा त्यांचा विषय. मला समजवायचे, "पाण्याचे न दिसणारे रेणू त्या कणांना सारखे ढकलतात. कणांवर वीजही सारखीच, म्हणून ते एकमेकांजवळ येत नाहीत." मी मान डोलवायची. मनात म्हणायची, एवढं शिकले, पण निवळी ठाऊक नाही बिचाऱ्यांना!

नाताळात कॉलेज बंद, म्हणून तिथे महिनोन् महिने मांडलेल्या गढूळ पाण्याच्या बरण्या घरी आल्या. प्रत्येकीत निराळा क्षार. रोज सकाळी हे पट्टी लावून बघायचे. माहेरी कधी नेता, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "एवढा गाळ बसू दे, शिमग्याला नेतो."

गाळ कुठला बसतोय! शेवटी एका दुपारी हे बाहेर गेलेले बघून मी सहाणेवर निवळी उगाळली आणि सगळ्या बरण्यांत सारखी वाढली. पंक्तिप्रपंच नको! संध्याकाळपर्यंत पाणी नितळ. मी ट्रंक भरून दारात उभी.

हे आले, बरण्या बघितल्या आणि मटकन खालीच बसले.

"कोणी केलं हे?"

"मी. बसला ना लवकर?"

"अगं, कुठल्या क्षाराने तो किती वेळात बसतो, तेच तर मोजत होतो! आता सगळं पहिल्यापासून."

म्हणजे ह्यांची मेहनत गेली, आणि माझा शिमगाही. मी पदर तोंडाला लावला.

आता तुम्ही पोरं गावी येता ती बाटलीतलं पाणी घेऊन. मी हसत नाही. मीही पाण्याच्याच धास्तीने पुरचुंडी बांधून निघाले होते. आणि एवढी वर्षं मुंबईत काढूनही कुणी 'घर कुठलं?' विचारलं की तोंडात आधी उमरठच येतं. बिऱ्हाडाचा पत्ता मागाहून. का, ते सांगायला मला ती संध्याकाळच आठवावी लागते.

कारण हे उठून माझ्याजवळ आले. मग माझ्या हातातली पुरचुंडी घेतली, उरलेल्या बिया तळहातावर ओतून बघितल्या आणि म्हणाले,

"रडू नकोस. नवी माती घालायचीच आहे, तर ती तुझ्या उमरठच्या ओढ्यातली आणू. सुट्टी आहे तोवर उद्याच निघू. भरलेली ट्रंक उपसू नकोस."