ढिला दोर

‘प्रमाणपत्राशिवाय एकालाही पाण्यात उतरवू नका.’ हे वाक्य माझं आहे. गुलाबी कागदावर, जाड टाइपात. पत्रकांचा गठ्ठा मीच संगमनेरच्या छापखान्यातून उचलला आणि एसटीच्या टपावर टाकून पुणतांब्याला आणला.

पावसाळा सरला की गोदावरीच्या बंधाऱ्यात लोखंडी फळ्या बसवतात, त्यांना बर्गे म्हणतात. खालच्या खाचेत दगड-गाळ अडकला तर तो काढायला माणूस तळाशी जातो. तोंडात रबरी नळी. काठावर पंक्चरवाल्याकडे असतो तसला कॉम्प्रेसर, तो चालवायला डिझेल इंजिन. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. एवढाच सरंजाम. आदल्या वर्षी वरच्या अंगाच्या एका बंधाऱ्यावर असाच एक पाणबुड्या मेला, तेव्हा ‘तो अप्रशिक्षित होता’ एवढं म्हणून साहेब लोक जीपमध्ये बसले. माझं डोकं फिरलं. शिकवलं नाही तुम्ही, आणि अप्रशिक्षित तो? मी पत्रक लिहिलं, मोर्चा काढला, बंधाऱ्यावरच्या कार्यालयासमोर तीन दिवस बसलो.

मागणी मान्य झाली. कशी, तर पोस्टाने. पुस्तिका पोस्टाने येणार, ती घरी वाचायची, प्रश्नपत्रिका सोडवून पोस्टाने पाठवायची, प्रमाणपत्र पोस्टाने परत. पाण्याचा कुठेही संबंध नाही. तरी आम्ही त्याला विजय म्हटलं आणि पेढे वाटले.

पुणतांब्यात पाण्यात उतरणारे दोघंच होते. एक चाचा, साठीच्या आसपासचे, आयुष्य नदीत गेलेलं, अक्षरओळख नाही. दुसरा त्यांचा पुतण्या, माझ्याच वयाचा, सातवीपर्यंत शिकलेला. चाचांनी पुस्तिका हातात घेऊन उलटीसुलटी केली.

“आन पोस्टमन काय, पवायला येनार व्हय?”

“चाचा, तुम्ही नुसतं सांगा, मी लिहितो.”

“मला लिवायचंच न्हाई. तुमी लिवा. तुमाला लई हौस हाय.”

त्यांच्या काही सवयी होत्या. कॉम्प्रेसरजवळ काठी रोवून तिला एक चिंधी बांधायची, म्हणजे वारा कुठून येतोय ते दिसतं. प्रत्येक बुडीआधी नळी स्वतःच्या तोंडात धरायची आणि मनात शंभर मोजेस्तोवर काठावरच श्वास घ्यायचा. प्रत्येक बुडीआधी. जेवून आल्यावर पुन्हा. मी एकदा म्हटलं होतं, सकाळी बघितलीत की हवा. ते म्हणाले, “सकाळची हवा येगळी, दुपारची येगळी. सकाळी जेवलास म्हून रातच्याला जेवत न्हाईस का?”

पुस्तिकेत होतं, ‘काम सुरू करण्यापूर्वी हवेची तपासणी करावी.’ काम सुरू करण्यापूर्वी. मला ते पुरेसं वाटलं.

पुतण्याची प्रश्नपत्रिका आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून सोडवली. मी सांगायचो, तो लिहायचा. प्रश्न सातवा, कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड कोठे ठेवावे. इंजिनाच्या धुरापासून दूर, वारा येतो त्या बाजूस. चाचा लिहिणार नव्हते, तेव्हा दोर धरायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून माझीही प्रश्नपत्रिका मी सोडवली, दोर धरणाऱ्याची. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सैल सोडा. तीन म्हणजे दोर आवळा. चार म्हणजे वर ओढा. दोघांचीही प्रमाणपत्रं आली. चाचांचं नाव पाणबुड्यांच्या यादीतून गेलं. माझ्याच वाक्याप्रमाणे त्यांना बंधाऱ्यावर यायलाही बंदी झाली. ते तारेच्या कुंपणाबाहेर बाभळीखाली येऊन बसायचे.

त्या दिवशी सकाळची बुडी नीट झाली. नळी तपासली, चिंधी नव्हती पण वारा पश्चिमेचा होता, धूर नदीच्या खालच्या अंगाला जात होता. दुपारी भाकरी खाल्ली. पुतण्या म्हणाला, “पत्रकवाले, दोर नीट धरा. तुमचं भाषान न्हाई हे.” मी म्हटलं, उतर गप. तो हसला, नळी तोंडात धरली आणि गेला. जेवणाच्या तेवढ्या वेळात वारा पूर्वेचा झाला होता, इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे येत होता. हे मी आता लिहितोय. तेव्हा माझं लक्ष दोराकडे होतं.

एक हिसका आला. ठीक आहे. मी थांबलो. मग काही आलं नाही. मी चार हिसक्यांची वाट बघत होतो. तीन आले असते तरी काय करायचं हे मला पाठ होतं. काहीच आलं नाही तर काय, हे पुस्तिकेत नव्हतं, किंवा असेल, मला आठवत नाही. दोर हलका झाला होता. मला वाटलं, काम नीट चाललंय.

कुंपणाबाहेरून चाचांचा आवाज आला, मोठा नव्हता. “दोर ढिला पडलाय तुमच्या हातात.”

मी वळून म्हटलं, “चार हिसके नाही आले अजून.”

ते तारेखालून आत आले. सदरा फाटला. माझ्या हातातून दोर घेतला आणि ओढायला लागले, मीही ओढायला लागलो. पुतण्या वर आला तेव्हा तोंडातली नळी सुटलेली होती. त्याला पालथा घालून पाणी काढलं. तो जगला. सांगायचं राहिलं असं नको, तो जगला.

पण डोकं धरून बसायचा. बोलता बोलता थांबायचा. यादीत राहायचं की नाही, एवढंच त्याच्यापुढे उरलं होतं, कारण दुसरं काम त्याला येत नव्हतं. चौकशी लागली. तो पुरता बरा व्हायचा होता, म्हणून मी गेलो. साहेबांनी उत्तरपत्रिका पुढे सरकवली. “प्रश्न सात. उत्तर बरोबर आहे. माहीत होतं, तरी धूर ओढला. स्वतःचा हलगर्जीपणा.”

मी म्हटलं, “ते उत्तर त्याचं नाही. मी सांगितलं, त्यानं लिहिलं.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “म्हणजे प्रमाणपत्र खोटं. मग विनापरवाना माणूस पाण्यात उतरला असं लिहू? कसंही लिहिलं तरी नाव जाणारच. तुम्ही सांगा कसं लिहू.”

मी उत्तरपत्रिका परत सरकवली. त्यांनी हलगर्जीपणा असं लिहिलं आणि नाव कापलं. मला राग यायला हवा होता. मी बाहेर येऊन नळावर पाणी प्यायलो, एसटी धरली.

पुतण्याने घोडेगावच्या बाजारातून दोन शेळ्या आणल्या. तो नदीकडे जात नाही. मी नवं पत्रक लिहून पुणतांब्याला गेलो. हाताखाली शिकल्याशिवाय प्रमाणपत्र नको, असा मजकूर होता. चाचांना वाचून दाखवायचा होता. दोन ओळी झाल्यावर ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ते. दोर धरा.”

दोराचं दुसरं टोक त्यांनी पुतण्याच्या कमरेला बांधलं. तो शेळ्यांजवळ कोरड्या अंगणात उभा होता. मला डोळे मिटायला लावले.

“काय करतुय त्यो?”

“चालतोय.”

“आता?”

“वाकलाय बहुतेक. काहीतरी उचललं.”

“आन आता?”

दोर हातात होता आणि हातात काही नव्हतं.

“काहीच नाही,” मी म्हटलं.

“मग ओढा की,” चाचा म्हणाले. “काय वाट बघता?”

मी ओढलं. पलीकडून पुतण्या म्हणाला, “पुन्हा. उशीर झाला.”