प्रवेशद्वारापाशी लावलेली मुंगी

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ बँकेत नोकरी करतात आणि रविवारी जवळच्या नेरे गावाला जाऊन मुंग्यांचे अगदी जवळून फोटो काढतात. इतक्या जवळून मुंगीचा डोळा स्पष्ट आला, तर पाय धूसर येतो. म्हणून ते फोकस थोडा थोडा सरकवत चाळीस फोटो घेतात आणि सॉफ्टवेअर त्यांतले स्पष्ट भाग जोडून एकच फोटो तयार करतं. कोणतं सॉफ्टवेअर विकत घ्यावं, हे त्यांचं महिनाभर ठरत नव्हतं. बोलतानाही ते प्रत्येक वाक्यानंतर थांबतात, बोललेलं तपासतात आणि मगच पुढे जातात.

त्यांच्या पहिल्याच प्रदर्शनात नव्या सॉफ्टवेअरने जोडलेली मुंगी प्रवेशद्वारापाशी लावली होती. उद्घाटनाला अर्धा तास असताना ते तिच्यासमोर थबकले. फोटो घेताना मुंगीने मिशी हलवली होती आणि सॉफ्टवेअरने दोन्ही जागची मिशी जोडून एक लांबलचक, डौलदार मिशी केली होती.

"अहो, कोणाला कळणार आहे? पाहुणे निघालेत," आयोजक म्हणाले.

"मला कळलंय." ते थांबले. "अशी मुंगी नेऱ्यात नाही."

त्यांनी फ्रेम स्वतः उतरवली. घरी जाऊन जुन्या, फुकटच्या सॉफ्टवेअरने जोडलेला दुसऱ्या मुंगीचा लहान फोटो आणला आणि तिथे लावला. त्यात जोडताना पायांच्या कडेने पांढुरकी झालर आली होती. संध्याकाळभर ते येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या झालरीकडे बोट दाखवत सांगत होते, "ही मुंगीची नाही हं."