आमच्या बाबांचा आवाज कुणी बदलला?

गेल्या रविवारी आईला सिनेमा ऐकवायला गावी, आरोंद्याला गेले आणि डोकं तापवून घेऊन परत आले. अजून तापलेलंच आहे, म्हणून इथे लिहितेय.

आईच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही... उजेड आणि हलणाऱ्या सावल्या, तेवढंच. त्यामुळे ती सिनेमा बघत नाही, ऐकते. आणि एक सिनेमा तिला दर दोन-चार महिन्यांनी ऐकायचाच असतो, कारण त्यात माझे बाबा आहेत.

बाबा खाडीवर होडी चालवायचे. मी शाळेत असताना गावात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. होडीवाल्याच्या कामाला आणलेला नट होडीत नीट उभाच राहू शकेना... मग बाबांनाच उभं केलं, आणि आवाजही तिथल्या तिथेच घेतला. अख्ख्या सिनेमात त्यांची तीन वाक्यं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्यांच्या आवाजाचं आमच्याकडे एवढंच उरलंय.

एरवी जुनी व्हीसीडी लावतो, या वेळी मी मोठ्या तोऱ्यात मोबाईल टीव्हीला जोडला. सिनेमा आता एका अ‍ॅपवर आलाय, वर 'नव्या रूपात, स्वच्छ आवाजात' अशी पाटी. होडी आली, बाबा दिसले, माझ्या अंगावर काटा आला... आणि बाबांच्या तोंडून कुणी भलताच माणूस बोलला, "कुठे जायचंय ताई तुम्हाला?"

आईने मान वळवली. "हो कोण गो?"

मी म्हटलं, बाबाच.

"न्हय. हो आवाज तेंचो न्हय."

चक्क आवाज बदलला होता हो! मूळ सिनेमात बाबा सरळ विचारतात, "खंय जातलंस गो बाय?" होडीत चढणाऱ्या प्रत्येकीला ते तसंच विचारायचे. कुणा शहाण्याला वाटलं असणार, मालवणी लोकांना कळत नाही, टाका बदलून. अरे, खाली अक्षरं द्या की! आणि शेवटी नावं सुरू झाली, तर कोपऱ्यात दुसराच सिनेमा टपकला... बाबांचं नाव यायच्या आत तो सुरूसुद्धा झाला. विचारलंत का कुणाला? निदान त्या होडीवाल्याच्या घरच्यांना?

म्हटलं जाऊ दे, आपल्याकडे व्हीसीडी आहे. बाबांनीच हौसेने आणलेली, दोन डिस्कची. कपाट उघडलं... डबी आहे, आत काहीच नाही.

दादा शांतपणे म्हणाला, "ती शेतात आसा."

शेतात! भात पिकायला आलंय, पाखरं उतरतात, म्हणून या पठ्ठ्याने घरातल्या सगळ्या सीड्या दोरीला बांधून टांगल्या होत्या. उन्हात चकाकतात, पाखरं बिचकतात... आमच्याकडे सगळेच टांगतात, मान्य. पण ही? तर म्हणतो, "अगो, पिक्चर मोबाईलवर आसा ना! मगे ती ठेवन काय करूचा?"

मी बांधावरच त्याच्यावर तोंड सोडलं. दोन्ही डिस्क सोडून आणल्या, पुसल्या, पण ऊनपावसाने त्यांचे पार पापुद्रे निघाले होते. 

सोमवारी कुडाळात हसनभाईंच्या दुकानात गेले. त्यांची पूर्वी व्हिडिओ लायब्ररी होती, आता तिथेच मोबाईलची कव्हरं विकतात. जुना माल भंगारात द्या म्हणून सगळे त्यांना चिडवायचे, मीही चिडवलंय... पण त्यांनी माळ्यावरची खोकी हलवली नाहीत. सिनेमाचं नाव सांगितलं तर स्टुलावर चढले आणि दहा मिनिटांत तीच व्हीसीडी काढून माझ्या हातात ठेवली.

मी म्हटलं, विकत द्या. "विकूची नाय," म्हणाले. "आयेक ऐकव आणि परत हाडून दी. व्हयी तेवा ने. प्लेअर पण घेवन जा, तुमचो जुनो झालो आसतलो."

काल रजा टाकून पुन्हा आरोंदा गाठलं. चित्र फिकट, मधेच त्याचे चौकोन व्हायचे, आवाजात खरखर... होडी आली आणि बाबा बोलले. आई जागेवरून उठली आणि चाचपडत टीव्हीला अगदी लागून जाऊन बसली.

"परत लाय," म्हणाली. लावलं. पुन्हा लावलं... चौथ्या वेळी ती हसली.

"त्या दिसा तेंका सर्दी झालली गो. सकाळी मीच काढो करून दिललंय, तरी आवाज बसललोच. ऐकलंस मां?"

मी हा सिनेमा शंभरदा पाहिला असेन, मला हे कधी कळलंच नव्हतं. आता ऐकलं तर खरंच... बाबांचं नाक चोंदलेलं होतं. दारात उभा राहून ऐकणारा दादा पडवीत जाऊन बसला.

हसनभाई, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. आणि बाकीच्यांनो, घरात जुन्या सीड्या, कॅसेटी असतील तर 'सगळं मोबाईलवर आहे' म्हणून फेकू नका... आधी एकदा लावून ऐका.

आणि अ‍ॅपवाल्यांनो, स्वच्छ आवाज म्हणे! माझ्या बाबांची सर्दी काढून टाकलीत तुम्ही... आणि माझ्या आईला नेमकी तीच हवी होती.